खुंटीवरचा स्वेटर

बीजकाका हे त्यांचं खरं नाव नाही, पण कारखान्यात कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर ते मान वळवतील की नाही, शंकाच आहे. बीज टाकायचं काम त्यांचं, म्हणून बीजकाका. मी त्याच कारखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत आहे आणि राहायलाही त्यांच्याच इमारतीत, एक मजला वर. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत. तपासणीच्या कामाला खडूस माणूसच बरा. त्यामुळे काकांबद्दल गोड गोड काही लिहायचा माझा विचार नाही. ते अतिशय भित्रे गृहस्थ आहेत, एवढं आधीच सांगून टाकते.

गॅसचं बटण बंद केलंय की नाही हे पाहायला जिन्यावरून दोनदा परत जाणारा माणूस. रस्ता ओलांडताना काकूंचं मनगट असं धरतील की काकूंनी म्हणावं, "अहो, बांगडी रुतते." आणि रोज सकाळी कामावर निघण्याआधी काकूंना स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उजेडात उभं करायचं आणि त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग निरखून पाहायचा. पिवळी झाक आली आहे का, एवढंच. काकू डोळे मोठे करून, हात कमरेवर ठेवून उभ्या राहत. "झालं का समाधान? आता जा, नाहीतर कारखान्यातलं भांडं थंड व्हायचं तुमच्याशिवाय."

ही भीती उगाच नव्हती. काकूंच्या यकृतात एक विषाणू फार वर्षांपासून मुक्काम ठोकून आहे. त्याला घराबाहेर काढता येत नाही, फक्त गप्प बसवता येतं. गप्प बसवणारी गोळी काकू रोज घेतात, आणि ती गोळी आमच्याच कारखान्यातली.

ती काय आहे हे सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आपल्या पेशीत डीएनएची लांबलचक साखळी असते. तिची प्रत काढायची तर सुट्या कड्या लागतात. एक बेस आणि त्याला जोडलेली साखर, या जोडीला न्यूक्लिओसाइड म्हणतात. पेशी तिच्यावर फॉस्फेट चढवते की झाली कडी तयार. विषाणूलाही स्वतःच्या प्रती काढायला अशाच कड्या लागतात. आम्ही बनवतो ते एक नकली न्यूक्लिओसाइड. दिसायला अस्सल, पण साखरेच्या जागी थोडी लबाडी केलेली. पेशी त्याला आपलं समजून फॉस्फेट चढवते, विषाणूचं यंत्र ते साखळीत अडकवतं, आणि मग पुढची कडी काही केल्या नीट बसत नाही. प्रत अर्धवट राहते. आपल्या स्वतःच्या पेशींचं यंत्र जरा चोखंदळ असतं, ते ही नकली कडी सहसा उचलत नाही. या 'सहसा'वर काकांनी मला कितीतरी वेळा छेडलं आहे.

पण विषाणू मरत नाही. गोळी थांबली की तो पुन्हा प्रती काढायला लागतो, आणि कधीकधी अशा जोमाने की आधी बरं असलेलं यकृत काही आठवड्यांत कोलमडतं. दुसरं एक औषध होतं, ते काकूंच्या मूत्रपिंडांना सोसलं नाही. थोडक्यात, ही गोळी रोज पोटात जायला हवी आणि पोटात गेल्यावर विरघळायला हवी. त्यातलं विरघळणं काकांच्या हातात होतं.

औषध तयार होतं ते द्रावणात. मोठ्या भांड्यात ते हळूहळू गार करतात, आणि नेमक्या वेळी त्यात चिमूटभर तयार स्फटिक टाकतात. हेच बीज. मग द्रावणातले रेणू त्या स्फटिकाची रचना बघून त्याच्यामागे रांग धरतात. अडचण अशी, की याच औषधाची दोन रूपं आहेत. विटा त्याच, भिंती वेगळ्या. पहिलं रूप पोटात चटकन विरघळतं. दुसरं इतकं घट्ट रचलेलं की गोळी आत जाते तशी जवळजवळ बाहेर येते. आणि दुसरं रूप जास्त पक्कं असल्यामुळे त्याचा डोळ्यांना न दिसणारा एक कण जरी भांड्यात पडला, तरी सगळे रेणू पहिल्याला सोडून त्याच्यामागे जातात. एकदा ते रूप इमारतीत शिरलं की हवेत, फटींत, कपड्यांत बसतं. मग तिथे पहिलं रूप पुन्हा बनेल याचा भरवसा कोणी देत नाही.

आमच्या कंपनीच्या नदीपलीकडच्या कारखान्यात नेमकं हेच झालं होतं. कुठून आलं कोण जाणे. त्यांनी भिंती घासल्या, जमिनी खरवडल्या, भांडी बदलली, आणि प्रत्येक बॅच दुसऱ्याच रूपात बाहेर पडत राहिली. शेवटी तिथे ते औषध बनवणं बंद करून दुसऱ्या कामाला माणसं लावली. तेव्हापासून हे औषध फक्त आमच्याकडे, काकांच्या एका भांड्यात. तिकडचं माणूस इकडे येणार नाही, तिकडचा साधा डबाही इकडे येणार नाही, असा कडक नियम झाला.

आता गंमत बघा. काकांचे थोरले भाऊ पलीकडच्या कारखान्यातच. त्यांना सगळे दादा म्हणतात. बंदी आली त्याच दिवशी काकांनी दादांना फोन करून सांगितलं, "आता तू घरी येऊ नकोस. मीही येणार नाही." पुढे हे दोघे भाऊ सुट्टीच्या दिवशी नदीच्या पुलावर भेटायचे. एक या कठड्याला टेकून, एक त्या कठड्याला, मधून गाड्या जातायत आणि दोघं ओरडून एकमेकांना विचारतायत की गुडघा कसा आहे. मी एकदा पाहिलं आणि हसून हसून पोट दुखलं. कारखान्याने एवढं सांगितलं नव्हतं. पण काका म्हणाले, "हसायला काय जातंय तुझं? तुझी बायको नाही ती गोळी खात."

त्या थंडीत एका दुपारी काकू घरात चक्कर येऊन पडल्या. काका कामावर, मीही कामावर. आत असताना फोन कपाटात ठेवावे लागतात. शेजारणीने जो नंबर सापडला तो लावला, तो दादांचा. दादा पाळी संपवून नुकतेच बाहेर पडत होते. ते तसेच धावत आले, काकूंना दवाखान्यात नेलं, रक्तदाब खाली गेला होता, बाकी काही नाही असं कळल्यावर परत आणलं. जिन्यावरून त्यांना जवळजवळ उचलूनच वर आणलं. घामाघूम झाले, म्हणून अंगातला स्वेटर काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवला. काका येण्याआधी निघून जायचं या घाईत तो तिथेच राहिला. नियम त्यांनाही माहीत होता, पण बेशुद्ध भावजयीपुढे नियम कोणाला आठवतो?

काका घरी आल्यावर दादांना फोन करून रडले; दादा घरात येऊन गेले म्हणजे काय, हा विचारही त्या रात्री त्यांच्या मनात आला नाही. स्वेटरचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. यायचं कारणही नव्हतं, कारण खुंटीवर तसाच एक स्वेटर कायम असायचा. दोघांच्या आईने एकाच लोकरीतून, एकाच विणीचे दोन स्वेटर दोन मुलांसाठी विणले होते. फरक एवढाच, की दादा उंच, म्हणून त्यांच्या बाह्या लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी काकूंचे डोळे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिले, खुंटीवरचा वरचा स्वेटर ओढून अंगात घातला आणि कामाला आले. स्फटिकांच्या खोलीत कडाक्याचा गारठा असतो. बाहेरचा कपडा आत घालायचा नाही असा नियम आहे, पण ओव्हरऑलच्या आत स्वेटर सगळेच घालतात आणि सगळेच पाहून न पाहिल्यासारखं करतात. नदीपलीकडेही हीच पद्धत. तिथलं औषध बंद होईपर्यंत दादा तोच स्वेटर आत घालून त्या दुसऱ्या रूपाच्या धुरळ्यात उभे होते.

हातमोजे चढवताना बाही बोटांपर्यंत आली. धुऊन सैल झाला वाटतं, असं म्हणत काकांनी ती मोज्यात कोंबली आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. भांड्याचं झाकण उघडलं, बीज टाकलं, झाकण लावलं. नंतर बाहेरच्या खोलीत येऊन मोजे आणि ओव्हरऑल काढले तेव्हा बाही पुन्हा खाली घसरली. त्यांनी ती वर सारली आणि कोपराजवळ इस्त्रीने जळलेलं भोक दिसलं. ते भोक दादांच्या स्वेटरला होतं. पाडलं होतं काकांनीच, कॉलेजच्या वयात, आणि त्याबद्दल मारही खाल्ला होता.

माझ्या टेबलावरचा आतला फोन वाजला. काचेच्या दारापलीकडे काका उभे होते, दारापासून चांगले लांब, दोन्ही हात अंगापासून दूर धरून. मी दाराकडे निघाले तर फोनवरून म्हणाले, "उघडू नकोस. माझ्याजवळ येऊ नकोस."

"काय झालं? काकूंना काही..."

"तिला काही नाही. अजून नाही." मग त्यांनी सगळं सांगितलं. आवाज इतका बारीक की मला फोन कानात खुपसावा लागला.

मला घाबरल्यावर जे होतं तेच झालं, मी भडकले. "मग मला कशाला सांगताय? मोठ्या बाईंना सांगा." मोठ्या बाई म्हणजे आमच्या कारखान्याच्या प्रमुख.

"सांगितलं तर काय होईल, तुला माहीत आहे. भांडं बंद, खोली बंद. औषध कधी बनेल सांगता येत नाही. हिची बाटली अर्ध्यावर आली आहे गं."

"आणि नाही सांगितलं तर?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. त्या भांड्यात दुसरं रूप शिरलं असेल तर ते आज माझ्या यंत्राला दिसेलच असं नाही. अगदी कणभर असेल तर ते गोळीत, बाटलीत, काकूंच्या कपाटात बसून सावकाश वाढेल. काकू रोज वेळेवर गोळी घेतील आणि ती विरघळणार नाही. कोणाला कळणारही नाही, डोळे पिवळे होईपर्यंत.

"मी सांगितलं तर तिची गोळी मीच बंद पाडली," काका म्हणाले. "नाही सांगितलं तर कदाचित मीच तिला... तू सांग, काय करू?"

खरं सांगायचं तर एक क्षण मला वाटलं, त्यांनी गप्प राहावं. कोणी पाहिलं नव्हतं. बाहीवर चिकटपट्टी होती. कदाचित काहीच पडलं नसेल. हा विचार माझ्या मनात आला याची मला अजूनही भीती वाटते. मी काही बोलायच्या आत काकांनी स्वतःच मान हलवली आणि म्हणाले, "नको. माझ्याच्याने रोज तिला गोळी घेताना बघवणार नाही." मग मला म्हणाले, "बाईंना फोन तू लाव. मी इथून हलत नाही."

मोठ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. "कोणी कशाला हात लावू नका" एवढंच म्हणाल्या, आणि तासाभरात तो सगळा भाग सीलबंद झाला. काकांचे कपडे, स्वेटर, बूट पिशव्यांत गेले. त्यांना तीनतीनदा अंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी ते मला जिन्यावर भेटले तर मी ओळखलंच नाही. डोक्याचा गोटा आणि मिशी साफ. लग्नाच्या फोटोतही असलेली मिशी. "केसांत अडकतं म्हणतात," ते म्हणाले. काकूंना त्यांनी सांगितलं, उवा झाल्या. काकू हसल्या आणि म्हणाल्या, "मिशीत?"

स्वेटरची धूळ झटकून मी यंत्रात घातली. एक्स-रेच्या आलेखात प्रत्येक रूपाची टोकं आपापल्या जागी येतात, माणसांच्या अंगठ्याच्या ठशांसारखी. पहिल्या रूपाच्या टोकांशेजारी, जिथे काही यायला नको तिथे, एक लहानसं टोक वर आलं. दुसरं रूप स्वेटरवर होतं. म्हणजे ते काकांबरोबर आमच्या कारखान्यात आलं होतं, त्या खोलीत, त्या भांड्यापाशी. मी खुर्चीतच बसून राहिले.

भांड्यातली भुकटी मात्र पहिल्या तपासणीत स्वच्छ निघाली. बाईंनी त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि बरोबर केलं. नमुने उबदार, दमट पेटीत ठेवायचे, म्हणजे कणभर जरी दुसरं रूप असेल तरी ते हातपाय पसरेल, आणि पुन्हा पुन्हा पाहायचं, असं ठरलं. इकडे दुकानांतून गोळी संपत चालली होती. काकू दुकानात जाऊन रिकाम्या हाताने आल्या आणि मला म्हणाल्या, "हे काही सांगत नाहीत. दूध उतू जाईल म्हणून पातेल्याकडे बघावं तसं माझ्याकडे बघत बसतात. तुला काही माहीत आहे का गं?" मी म्हटलं, माल यायला उशीर होतोय. खडूस माणसाला खोटं बोलायला जड जात नाही असं लोकांना वाटतं. मी वर घरी जाऊन दार लावलं आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिले.

दादांचा फोन रोज यायचा. एकच प्रश्न, "काय दिसलं?" ते पुलावरही येईनात. काकांनी मला सांगितलं, "तो म्हणतो, मीच तिला उचलून वर आणली आणि मीच हे करून ठेवलं. मी म्हटलं, दादा, भोक मी पाडलं होतं, निदान त्यामुळे कळलं तरी."

रोज सकाळी मी पेटीतून नमुना काढायची. आयुष्यभर मी मानत आले की यंत्राला दिसत नाही ते नसतं. त्या दिवसांत माझा तो भरवसा उडाला. रिकाम्या जागी टोक दिसतंय असा भास व्हायचा, मी डोळे चोळून पुन्हा बघायची. काही नसायचं. मग वाटायचं, आज नाही, उद्या असेल. काका दाराबाहेर, नव्या नियमाप्रमाणे लांब उभे राहून माझ्या चेहऱ्याकडे पाहत असायचे, आणि मी मान नकारार्थी हलवली की भिंतीला टेकायचे.

शेवटी बाईंनी बॅच सोडली. भांड्यातून, खोलीतून, हवेतून, सगळीकडून नमुने घेऊन झाले होते, सगळे स्वच्छ. बाहीवरच्या चिकटपट्टीने वाचवलं असेल, बाई म्हणाल्या, किंवा नशिबाने. खात्रीने कोणी सांगू शकत नाही. काकांना मात्र त्या खोलीत पुन्हा जायची परवानगी मिळाली नाही. आता ते कारखान्याच्या कुंपणालगत सांडपाण्याच्या टाक्यांवर काम करतात. बीज दुसरं कोणीतरी टाकतं, नाव मात्र काकांनाच चिकटून राहिलं आहे. त्या बदलीबद्दल त्यांनी एक शब्द काढला नाही.

नवीन बाटली आली त्या सकाळी मी त्यांच्याकडे चहाला होते. काकांनी आदल्या दिवशी काकूंना सगळं सांगून टाकलं होतं, स्वेटरपासून पेटीपर्यंत. जुन्या बाटलीतली शेवटची गोळीही आदल्याच दिवशी संपली होती. काकूंनी नव्या बाटलीचं झाकण उघडलं, गोळी तळहातावर घेतली आणि काकांकडे पाहिलं.

"घेऊ ना?"

काकांचे ओठ हलले पण 'घे' म्हणवेना. मीच म्हणणार होते की मी स्वतः तपासलंय, पुन्हा पुन्हा तपासलंय. पण माझाच त्या तपासण्यावर पुरता भरवसा राहिला नव्हता.

"अहो, तुमच्या हातचं शेवटचं बीज आहे ना हे?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच बनवलंय. मग भीती कसली?"

"मी बनवलंय म्हणूनच," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या भादरलेल्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग गोळी तोंडात टाकली, वर पेलाभर पाणी प्यायल्या, आणि कोणी न सांगता खिडकीपाशी जाऊन, डोळे मोठे करून उजेडात उभ्या राहिल्या.